गांजाचा धूर छातीत उतरतो तेव्हा

छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात दिवस उजाडायच्या आधीच पोरं धावायला लागतात. कुणी पोलीस भरतीच्या तयारीत, कुणी सैन्याच्या. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८००, आणि थोड्या सेकंदांच्या फरकानं गुण हातचे जातात. त्यामुळे दम कसा वाढवायचा हा इथल्या गप्पांचा कायमचा विषय. याच वयाची, याच शहरातली काही मुलं संध्याकाळी चिलीम किंवा भरलेली सिगारेट ओढतात, आणि त्यांच्यात एक समजूत पक्की बसलेली दिसते: सिगारेट वाईट, गांजा त्यामानानं बरा. ‘झाडपाल्याचं आहे, त्यात रसायन थोडंच असतं’, ‘साधू-बैरागी जन्मभर ओढतात, त्यांना कुठं काय होतं’, आणि अलीकडे ‘अमेरिकेत संशोधन झालंय, फुफ्फुसाला काही होत नाही.’

यातल्या शेवटच्या वाक्याला थोडा आधार आहे, म्हणूनच ते सगळ्यांत फसवं आहे. तो आधार किती आणि कशापुरता, हे कळायचं तर धुराच्या मागोमाग एकेक पायरी उतरत छातीत जायला हवं.

सुरुवात चिलमीपासून करू. गांजा म्हणजे भांगेच्या मादी झाडाचे चिकट फुलोरे. त्यांच्या राळेत टीएचसी नावाचं द्रव्य असतं. नशा येते ती त्याच्यामुळे. फुलोरा पेटला की मात्र टीएचसी एकटं बाहेर पडत नाही. कुठलीही वनस्पती अर्धवट जळाली की कार्बन मोनॉक्साइड, चिकट डांबर, बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. तंबाखूच्या धुरात हे असतं आणि गांजाच्या धुरातही असतं. कॅनडाच्या आरोग्य खात्यातल्या शास्त्रज्ञांनी दोन्ही धूर यंत्रानं ओढून तपासले आणि २००८ साली निष्कर्ष मांडले. गांजाच्या धुरात अमोनिया तंबाखूच्या २० पटींपर्यंत भरला. हायड्रोजन सायनाइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं ३ ते ५ पट. झाडपाल्याचं म्हणून निर्धोक, हे म्हणणं इथंच संपतं. चुलीपाशी जन्म घालवलेल्या आपल्या आज्यांचा खोकलाही झाडपाल्याच्याच धुराचा होता.

दोन धुरांत एक मोठा फरक आहे. निकोटिन फक्त तंबाखूत, टीएचसी फक्त गांजात. पण आपल्याकडे हा फरक कागदावरच राहतो, कारण इथं नुसता गांजा क्वचितच ओढला जातो. चिलमीत तो तंबाखूबरोबर मळून भरतात, सिगारेटमध्ये भरला तर निम्मी तंबाखू आत असतेच. परदेशातले पुष्कळ अभ्यास नुसता गांजा ओढणाऱ्यांचे आहेत. त्यांचे दिलासादायक आकडे गारखेड्यातल्या, किंबहुना महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. या लेखातलं दुसरं काही विसरलं तरी चालेल, एवढं लक्षात ठेवावं.

आता ओढण्याची पद्धत. सिगारेटचा झुरका लहान असतो, धूर लगेच बाहेर येतो. गांजाचा दम खोल भरतात आणि छातीत कोंडून धरतात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले छातीरोगतज्ज्ञ डोनाल्ड टॅश्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा फरक मोजला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दोन्ही ओढणारे १५ पुरुष होते. गांजा ओढताना झुरका सुमारे दोन तृतीयांश मोठा आणि धूर कोंडून धरण्याचा वेळ चौपट निघाला. परिणामी रक्तात कार्बन मोनॉक्साइडची वाढ जवळपास पाचपट झाली, आणि तिप्पट डांबर आत गेलं. तंबाखूच्या मानानं त्यातला एक तृतीयांश अधिक वाटा श्वसनमार्गाला चिकटून राहिला. दिवसाला दोन-तीनच ओढतो, म्हणजे डबीभर सिगारेट ओढणाऱ्यापेक्षा बरा, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

दम जास्त वेळ धरला की नशा जास्त चढते, हीही समजूत सार्वत्रिक आहे. प्रयोगांत ती टिकली नाही. टीएचसी पहिल्या काही सेकंदांतच रक्तात उतरतं. पुढचे दहा-पंधरा सेकंद आत साठत राहतं ते मुख्यतः डांबर.

धूर श्वासनळीत शिरला की त्याची पहिली गाठ तिथल्या अस्तराशी पडते. या अस्तरावर सूक्ष्म केस असतात आणि केसांवर ओलसर श्लेष्म्याचा पातळ थर. वाऱ्यानं ज्वारीचं शेत एका दिशेनं लवावं तसे हे केस सतत एका लयीत वर लवतात, आणि धूळ, जंतू अडकलेला श्लेष्मा हळूहळू घशाकडे ढकलतात. तो आपण नकळत गिळून टाकतो. निरोगी छातीत हे काम दिवसरात्र चालू असतं, आपल्याला पत्ताही लागत नाही.

धुरानं अस्तर भाजतं, सुजतं. टॅश्किन यांच्या गटानं गांजा ओढणाऱ्यांच्या श्वासनळीत दुर्बीण घालून अस्तराचे तुकडे तपासले तेव्हा लालसर सूज तर दिसलीच. शिवाय सूक्ष्म केसांच्या पेशी कमी झालेल्या आणि श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या. काही ठिकाणी मूळ अस्तराच्या जागी चपट्या, राठ पेशी आल्या होत्या. म्हणजे कफ जास्त तयार होतोय आणि तो वर ढकलणारे केस कमी झालेत. मग शरीराकडे एकच उपाय उरतो, खोकला. सकाळी उठल्याबरोबर खाकरून बेडका काढावा लागणं, छातीत घरघर, सर्दी झाली की ती छातीत उतरून तीन-तीन आठवडे रेंगाळणं, हे सगळं या एका बिघाडातून येतं. वैद्यकात याला जुनाट ब्राँकायटिस म्हणतात. गांजाच्या धुराचा आणि याचा संबंध पक्का आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१७ साली तोवरचा सगळा पुरावा चाळला, तेव्हा दीर्घकाळ गांजा ओढणं आणि खोकला, कफ, ब्राँकायटिसचे वारंवार झटके यांच्या संबंधाला भक्कम पुरावा असल्याचं नोंदवलं.

खरं तर ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीच नोंदली गेली होती, आणि तिचा आपल्या भागाशी जवळचा संबंध आहे. त्या काळी मुंबई इलाख्यातलं गांजाच्या लागवडीचं मुख्य ठिकाण होतं नगर, आजचा अहिल्यानगर जिल्हा, आपल्या गंगापूर-वैजापूरच्या हद्दीला लागून असलेला. गांजामुळे लोक वेडे होतात का, त्यावर बंदी घालावी का, अशी चर्चा ब्रिटिश संसदेत झाली आणि १८९३ साली सरकारनं एक आयोग नेमला. सात सदस्य, त्यांत तीन भारतीय. आयोगानं हिंदुस्थानभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या: डॉक्टर, वैद्य, अबकारी अधिकारी, शेतकरी, बैरागी. १८९४ साली पुरा झालेला हा अहवाल गांजाच्या बाजूनं बऱ्यापैकी सौम्य होता. बेताच्या सेवनानं शरीराला सहसा अपाय होत नाही, असं त्यात म्हटलं आहे, आणि गांजाचे समर्थक आजही तेवढंच सांगतात. पण त्याच आयोगानं अतिसेवनाबद्दल लिहिताना नमूद केलं की त्यानं दमा होत नसला तरी ब्राँकायटिस होऊ शकतो, आणि तो मुख्यतः आत ओढलेल्या धुराच्या श्वासनलिकांवरच्या परिणामामुळे. त्या वेळी श्वासनळीत घालायची दुर्बीण नव्हती, क्ष-किरणांचाही शोध लागायचा होता. माणसांचं ऐकून काढलेला हा निष्कर्ष पुढं तपासणीत खरा ठरला, याचं मला मोल वाटतं.

दम्याचा मुद्दा इथंच उरकून घेऊ, कारण ‘गांजानं छाती मोकळी होते’ असं सांगणारे म्हातारे अजून भेटतात. त्यांचं म्हणणं निराधार नाही. टीएचसीमुळे श्वासनलिकांच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात आणि नलिका तासभर रुंदावतात; १९७० च्या दशकात हे प्रयोगानं सिद्ध झालं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसची ग्रिमो कंपनी दम्यासाठी गांजाच्या सिगारेटी विकत असे. पण रुंदावणं तासाभराचं, धुराची सूज त्याहून टिकाऊ. रोज ओढणाऱ्यात रुंदावण्याचा परिणाम हळूहळू बोथटही होतो. दमेकऱ्यानं इनहेलर बाजूला ठेवून चिलीम ओढणं हा जिवाशी खेळ आहे. धूर हाच दम्याचा झटका आणणारा पदार्थ आहे.

आता ‘अमेरिकेतल्या संशोधना’कडे वळतो. फुफ्फुसाची ताकद मोजायला स्पायरोमेट्री करतात. खोल श्वास भरून नळीत जोरात फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती पडली, हे यंत्र दाखवतं. तंबाखूनं नलिका अरुंद झाल्या की पहिल्या सेकंदाचा आकडा घसरतो. अमेरिकेतल्या चार शहरांतल्या ५,००० हून अधिक तरुणांना २० वर्षं तपासत राहिलेल्या अभ्यासाचा अहवाल २०१२ साली आला. रोज एक याप्रमाणे सात वर्षं होतील इतक्या गांजाच्या सिगारेटी ओढलेल्यांतही हा आकडा घसरलेला दिसला नाही. एकूण हवा तर किंचित वाढलेली निघाली. बातम्यांत मथळे झळकले ते याचे.

हवा वाढली, मग फुफ्फुस सुधारलं का? बहुधा नाही. वर्षानुवर्षं खोल दम भरून धरणाऱ्याची छाती ताणली जाते, आकारमान वाढतं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा अभ्यास आजवर चालू आहे. त्यात गांजा ओढणाऱ्यांची फुफ्फुसं अधिक फुगलेली आणि मोठ्या नलिकांतला हवेचा अडथळा वाढलेला आढळला. न्यूझीलंडमधल्याच दुसऱ्या एका पाहणीत, २००७ साली, हवेच्या अडथळ्याच्या बाबतीत गांजाची एक सिगारेट तंबाखूच्या अडीच ते पाच सिगारेटींच्या बरोबरीची निघाली. अमेरिकेतल्या अभ्यासात खूप जास्त ओढणारे थोडे होते, आणि त्यांच्याबद्दल ठाम सांगता येत नाही असं लिहिणाऱ्यांनीच म्हटलं आहे. माझं मत असं: नुसता गांजा, तोही कमी ओढणाऱ्याच्या लहान नलिका तंबाखूइतक्या लवकर अरुंद होत नाहीत, हे मान्य करावं. ते नाकारून मुलांना भीती घातली तर ती आपली बाकीची गोष्टही ऐकत नाहीत. पण चिलमीत तंबाखू आली की हा दिलासा संपला. तंबाखूचं नुकसान सगळ्यांना ठाऊक आहेच, आणि दोन्ही एकत्र ओढणाऱ्यांत ते वाढल्याची चिन्हं अभ्यासांत दिसतात.

मैदानावर धावणाऱ्याला मात्र वीस वर्षं थांबावं लागत नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो, आणि साध्या हवेत श्वास घेताना त्याचं प्रमाण निम्मं व्हायला चार ते सहा तास लागतात. रात्री उशिरा ओढून पहाटे ट्रॅकवर उतरणाऱ्याच्या रक्तात प्राणवायू वाहणारी काही जागा अडलेलीच असते. त्यावर श्वासनळीतली सूज आणि कफ. शेवटच्या फेरीत दम तुटतो तो यानं.

मोठ्या नलिका फांद्या फुटत फुटत सुमारे २३ वेळा विभागतात आणि शेवटी वायुकोश येतात. मोठ्या माणसाच्या छातीत ते ३० कोटींहून अधिक असतात. इथं सूक्ष्म केस नसतात. पहारा भक्षक पेशींचा असतो, जंतू आणि कण गिळून पचवणं हे त्यांचं काम. गांजा ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसातून धुऊन काढलेल्या या पेशी संख्येनं जास्त होत्या, पण जंतू मारण्यात उण्या पडत होत्या. कधीकधी फुफ्फुसाच्या कडेला वायुकोशांच्या भिंती फाटून हवेचे फुगे बनतात. असा फुगा फुटला तर हवा फुफ्फुसाबाहेर छातीच्या पोकळीत शिरते आणि फुफ्फुस आक्रसतं. धडधाकट तरुणाला एकाएकी छातीत एका बाजूला कळ येते, श्वास पुरत नाही. ही तातडीची अवस्था आहे, ताबडतोब रुग्णालय गाठावं. कॅनडातल्या ओटावा इथं २०२२ साली सीटी स्कॅनच्या तुलनेत गांजा ओढणाऱ्या ५६ पैकी ७५ टक्के जणांत वायुकोश फाटल्याच्या खुणा दिसल्या, फक्त तंबाखू ओढणाऱ्यांत ६७ टक्के, काहीच न ओढणाऱ्यांत ५ टक्के. त्या ५६ जणांत बहुतेक तंबाखूही ओढत होते, म्हणून दोष एकट्या गांजावर टाकता येत नाही. पण दोन्ही ओढणारे म्हणजे तर आपलीच मुलं.

क्षयरोगाबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण परदेशी लेखांत हा मुद्दा क्वचितच सापडतो आणि आपल्याकडे तोच सगळ्यांत जवळचा आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक भारतात आहेत. चिलीम एकट्यानं ओढायची गोष्ट नाही. ती हातोहात फिरते, बंद खोलीत, खोकणाऱ्या चार-पाच जणांत. क्षयाचे जंतू उष्ट्यातून पसरत नाहीत. ते खोकल्याबरोबर हवेत येतात आणि कोंदट जागेत तरंगत राहतात. त्यामुळे धोका चिलमीच्या तोंडापेक्षा त्या बंद खोलीत जास्त आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये गांजा ओढायचा एकच पाण्याचा पाइप वापरणाऱ्यांत क्षय पसरल्याची नोंद २००३ साली प्रसिद्ध झाली. चिलमीला गुंडाळलेलं साफीचं फडकं यापासून वाचवत नाही, आणि पाण्यातून धूर ओढला तरी डांबर म्हणावं तसं गाळलं जात नाही. याहून वाईट म्हणजे खोकल्याला नाव आधीच मिळालेलं असतं. ‘ओढतो म्हणून खोकतो’ असं पोरगा म्हणतो, घरचेही तेच म्हणतात, आणि संध्याकाळचा बारीक ताप, घटतं वजन, थुंकीतलं रक्त यांकडे महिनोन्‌महिने कुणी बघत नाही. तेवढ्या काळात घरातली लहान मुलं त्याच हवेत श्वास घेत असतात.

कर्करोगाबद्दल मी तंबाखूइतकं ठामपणे लिहिणार नाही. धुरात कर्करोगकारक द्रव्यं आहेत, अस्तरात बदलही दिसतात. पण नुसत्या गांजानं फुफ्फुसाचा कर्करोग वाढतो असं मोठ्या अभ्यासांत एकमतानं दिसलेलं नाही. तंबाखू मिसळली की हा प्रश्नच उरत नाही, तिचं उत्तर कधीच मिळालेलं आहे. पेन किंवा व्हेपमधून घेतलं तर धूर नसतो, म्हणून ते सुरक्षित असंही मानू नये. २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्या सुमारे २,८०० जणांना फुफ्फुसाच्या तीव्र इजेनं रुग्णालयात जावं लागलं, ६८ दगावले. त्यांतल्या बहुतेकांनी टीएचसीची द्रावणं वापरली होती, आणि त्यांत घट्टपणासाठी घातलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे मुख्य कारण ठरलं.

ओढणं थांबवल्यावर काय होतं, हे मुलांना कुणी सांगत नाही, आणि खरी सांगण्यासारखी गोष्ट ती आहे. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत निघून जातो. सूज हळूहळू उतरते, केसांच्या पेशी नव्यानं वाढतात. ड्युनेडिनच्या अभ्यासात ज्यांनी गांजा सोडला किंवा पुष्कळ कमी केला, त्यांचा खोकला, कफ आणि घरघर कधीच न ओढणाऱ्यांच्या पातळीवर आली. फाटलेले वायुकोश मात्र परत जुळत नाहीत. म्हणून विशीत सोडणं आणि चाळिशीत सोडणं यांत फार अंतर आहे. सोडताना पहिल्याच आठवड्यात चिडचिड होते, झोप लागत नाही, जेवण जात नाही. दोनेक आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. तंबाखूही त्याच दिवशी सोडावी लागते. नाहीतर निकोटिनची तलफ माणसाला पुन्हा त्याच कट्ट्यावर नेऊन बसवते.

आईवडिलांनी मारहाण करून, कोंडून ठेवून हे सुटत नाही. डॉक्टरांपुढे मुलानं ‘गांजा ओढतो, तंबाखू मिसळून, इतकी वर्षं’ असं सरळ सांगावं, कारण त्यावरून तपासणी बदलते. पोलिसांच्या भीतीनं पुष्कळ जण गप्प राहतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं गांजा बाळगणं आणि ओढणं हा गुन्हा आहे हे खरं. पण त्याच कायद्याचं कलम ६४-अ असं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी १४४१६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकांवर फोन करायला पैसे पडत नाहीत. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त चालला असेल, मग तो गांजाचा वाटो की कशाचाही, तर आधी घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्या. क्षयाची ही तपासणी आणि पुढची औषधं, दोन्ही तिथं मोफत मिळतात.